अकराव्या घरातला आकडा

मी हातात मावणारा रेडिओ बोलतोय. गाणी ऐकवणारा नव्हे, हौशी लोक एकमेकांशी बोलायला वापरतात तो. बोलतोय तेही फक्त तुमच्याशी. हवेत बोलायची माझी सोय आता राहिलेली नाही, कारण माझी बॅटरी काढून घेतलीय. ती कोणी काढली आणि का, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे हजारो एकाच पट्ट्यावरून सरकत आले, तेव्हा त्याचं कौतुक ते काय सांगू? खोक्यात माझ्यासोबत एक पुस्तिका होती. ती इतकी अगम्य, की लिहिणाऱ्यालाही पुन्हा वाचून कळली नसती.

मला घरी आणलं ताईंनी. ताई कपडे शिवायच्या. खिडकीशी मशीन, भिंतीवर अर्धवट शिवलेले कोट, गळ्यात सदा मोजपट्टी. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी परीक्षा देऊन रेडिओचा परवाना काढला, तो काही हौस म्हणून नाही. त्यांचा धाकटा भाऊ डोंगरापलीकडे धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होता. आईचं जुनं शिवणयंत्र त्याने ताईंना न विचारता भंगारात देऊन टाकलं आणि तेव्हापासून दोघांचा अबोला. तीन वर्षं झाली होती. फोन दोघांकडेही होते, पण आधी करणार कोण?

धाकट्यालाही रेडिओचा नाद. रोज सकाळी सातला या हौशी मंडळींची रेडिओवर हजेरी असायची. प्रत्येकाने आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगून "हजर" म्हणायचं, बस्स. ताईंनी नेमकं तेच हेरलं होतं. "फोन केला की माघार घेतल्यासारखं होतं," मोजपट्टी गुंडाळत त्या मला म्हणाल्या, "हजेरी काय, सगळ्यांसाठीच असते. त्यात त्याला माझा आवाज ऐकू आला, तर आला." माझ्यासाठी त्यांनी कोटाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली. आत अस्तरसुद्धा लावलं. एवढी माया मला कोणी लावली नव्हती.

माझ्यात चॅनेल भरून द्यायला मास्तर आले. पेशाने वायरमन, पण परीक्षेची तयारी तेच करून घ्यायचे आणि सकाळची हजेरीही तेच घ्यायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. ऑफसेट, शिफ्ट, स्क्वेल्च, टोन असे शब्द ते लाह्यांसारखे फोडत होते.

"मास्तर, हा टोन म्हणजे नक्की काय हो?" ताईंनी विचारलं.

"ताई, तुम्ही सुईत दोरा ओवा. हे माझ्यावर सोडा."

आता मीच सांगतो. डोंगरमाथ्यावर रिपीटर नावाचं यंत्र आहे. आमच्यासारख्या लहानग्यांचा आवाज ऐकून ते तो दूरवर पुन्हा पाठवतं. मात्र बोलण्यासोबत एक ठरलेली बारीक गुणगुण गेली, तरच. ती गुणगुण म्हणजे टोन. माझ्या मेनूत टोनची दोन घरं आहेत, दिसायला जुळ्या भावांसारखी. अकरावं ऐकण्याचं, तेरावं बोलण्याचं. मास्तरांनी टोनचा आकडा अकराव्यात भरला आणि तेरावं रिकामं ठेवलं. चूक भल्याभल्यांची होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सातला ताईंनी घसा साफ करून "हजर" म्हटलं. मी जीव तोडून आवाज फेकला. डोंगराने ढुंकूनही पाहिलं नाही. ऐकू मात्र सगळं येत होतं. धाकट्याचं "हजर" आलं तशा ताई खुर्चीत सरळ झाल्या. शेवटी मास्तरांनी हजर असलेल्यांची नावं वाचली, त्यात ताईंचं नव्हतं. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी ताई मला पिशवीसकट मास्तरांकडे घेऊन गेल्या. "बघा हो जरा. सेट बिघडलाय की माणसं, तेच कळेना."

ताई परत गेल्यावर मास्तरांनी माझा मेनू उघडला. अकरावं घर पाहिलं आणि जीभ चावली. आकडा तेराव्यात भरला. जेमतेम दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशीची हजेरी त्यांनी माझ्यावरूनच घेतली. मला कोण आनंद! वाटलं, आता मी ताईंकडे परत जाणार.

हजेरी संपता संपता धाकटा म्हणाला, "मास्तर, आमच्या ताईने परवाना काढलाय असं तुम्हीच सांगितलं होतं. मी रोज सातला वाट बघतो. ती येत का नाही हो?"

मास्तरांचा अंगठा माझ्या बटणावर होता. 'चूक माझी झाली', एवढंच बोलायचं होतं. पण ऐकायला त्यांचे सगळे विद्यार्थी होते.

"कंटाळल्या असतील," ते म्हणाले. "बायकांना नव्याचे नऊ दिवस."

आणि हे त्यांनी माझ्या तोंडून बोलावं! ताईंचं एक "हजर" मला पोचवता आलं नव्हतं, हे मात्र मी स्वच्छ, खणखणीत पोचवलं. पलीकडून धाकट्याचं उत्तर आलं, "बरं. राहू दे मग."

नंतर मास्तरांनी ताईंना फोन केला. "सेट आतून जळलाय, ताई. तुमच्याकडून भलतंच बटण दाबलं गेलं असणार."

"माझ्याबद्दल विचारलं का कोणी?"

"छे, कोणी नाही."

ताई म्हणाल्या, "मग राहू दे तो तुमच्याकडेच. पिशवीसकट." मास्तरांनी दगा दिला तो दिलाच, पण हे वाक्य मला जास्त लागलं. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनीही मला टाकून दिलं.

त्यानंतर मास्तरांनी माझी बॅटरी काढली आणि मला जुन्या वायरींच्या खणात ठेवलं. माझ्याकडे बघणं त्यांना जड जात असावं. पण बॅटरी गेली म्हणून माझी आठवण पुसली जात नाही. आकडा अजून तेराव्या घरात आहे.

माझ्यासाठी मी काही मागत नाही. फक्त तुमच्यापैकी कोणी कोट शिवायला टाकायला गेलात, आणि खिडकीशी गळ्यात मोजपट्टी घातलेल्या बाई दिसल्या, तर त्यांना एवढं सांगा. ताई, रेडिओ जळलेला नाही. आणि धाकटा रोज सातला तुमची वाट बघत होता.