दहा जणींची सतरंजी

पंचशीलाला त्यात मिळणार होते रोख दोन हजार रुपये आणि वर एक साडी. द्यायची होती फक्त एक सही. हिशेब मला तेव्हाच खटकला होता, पण मला कोण विचारतं?

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. मुक्काम हळ्ळीखेड (बी). हुमनाबादच्या बाजारातून पंचशीलाच्या आईने मला लेकीच्या आंदणासाठी घेतलं. बुद्धवंदना असो की बारसं, अंथरायची ती मलाच. "रंग बघा कसा टिकलाय!" असं पाहुणे म्हणायचे आणि मी फुगायचे. पुढे पंचशीलासकट गल्लीतल्या दहा बायकांनी कर्जाचा गट केला आणि मी दर मंगळवारच्या हप्त्याच्या बैठकीची झाले.

गटाचा नियम एकच. कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला शिवप्रसाद येऊन बसला, की दहाही हप्ते पुरे झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकीचा राहिला तर बाकी नऊ जणींनी भरायचा.

यल्लम्मा शेजारीण, गटातली नव्हे. तिच्यावर आधीच तीन कर्जं; चौथं तिला कोण देणार? एका दुपारी ती माझ्यावर येऊन बसली. "अक्का, चाळीस हजार तुझ्या नावानं उचल. हप्ता मी भरते. तुला निस्ती सही करायचीय. दोन हजार रोख आन् वर एक साडी तुझी."

"आन् न्हाई भरलीस तर?"

"मी कुठं पळून जायलेय व्हय?"

दोघी हसल्या. आठवड्याला नऊशे, असे पन्नास हप्ते. चौदा यल्लम्माने चोख आणून दिले. पंधराव्या मंगळवारी तिच्या दाराला कुलूप. हैदराबादला गेली, एवढंच कळलं.

त्या दिवशी नऊ जणींनी शंभर-शंभर काढले. "असू दे अक्का, होतं असं," म्हणाल्या.

मैत्रेयी, पंचशीलाची लेक, त्याच संध्याकाळी म्हणाली, "आई, उद्याच कंपनीच्या हापिसात जाऊ. हप्ता लहान करून मागू."

"आन् काय सांगू? सही माझी, पैसा दुसरीचा? लोक तोंडात शेण घालतील."

घरातल्या डब्यात अठरा हजार होते, ब्लाऊज शिवून साठवलेले, मैत्रेयीच्या नर्सिंगच्या फीचे. त्यातले तीन हजार पंचशीलाने माझ्यावरच मोजले आणि माणिकप्पाला दिले. हा झेरॉक्सच्या दुकानाशी बसून लोकांचे अर्ज भरायचा. "कर्जमाफीचा अर्ज टाकतो अक्का. हप्ता बंद कर, कुणी दारात येणार न्हाई."

शिवप्रसाद दर मंगळवारी आला. कधी आवाज चढवला नाही. शर्टाची घडी सांभाळत बसायचा. "मला घाई न्हाई, अम्मा." ऊन उंबऱ्यावरून माझ्या मधोमध यायचं, घरोघरी चुली खोळंबायच्या, कुणी कुणाकडे बघायचं नाही. सगळ्यांत वडीलधारी सुभद्राबाई माझ्या कडेचे धागे उसवत राहायची. शेवटी शंभराच्या नऊ नोटा पडायच्या.

अशा आठव्या मंगळवारी धागे सोडून सुभद्राबाई बोलली, "पंचशीला, आमचे आठ-आठशे गेले. माफी तुझी आन् भरणं आमचं व्हय?"

पंचशीलाने माणिकप्पाने अर्जाची पोच म्हणून दिलेली चिठ्ठी पुढे केली. शिवप्रसादने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. मागची बाजू कोरी होती, पुढची त्याहून फारशी बरी नव्हती. "असा अर्ज कुठंच न्हाई, अम्मा. सही तुमची हाय."

तेव्हा कुठे मायलेकी हापिसात गेल्या. तासाभरात काम झालं. हप्ता साडेचारशे, आठवडे दुप्पट, व्याज थोडं जास्त. हेच पहिल्या आठवड्यात झालं असतं.

मित्रांनो, माझ्या कडा उसवल्यात. जमलं तर दोन टाके घाला. पण त्याआधी घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा: दुसऱ्यासाठी सही करू नका, आणि केलीच असेल तर पहिला हप्ता चुकताच तोंड उघडा.

आता जमाखर्च. यल्लम्माने भरले चौदा हप्ते. माणिकप्पाने काही नाही, उलट तीन हजार जमा. नऊ जणींचे बहात्तरशे डब्यातून फिटले. डब्यात उरले अठ्ठ्याहत्तरशे आणि फीची तारीख निघून गेली. पंचशीलाची साडी अजून घडीतच आहे.

मंगळवारी आता माझ्यावर मैत्रेयी बसते, मन्नाएखेळ्ळीच्या कापडदुकानातली मजुरी मुठीत घेऊन. माझ्यावर बसणाऱ्यांत सही न केलेली ती एकटीच. तिने भरलं नर्सिंगचं एक वर्ष, आणि पावती तिला कुणी दिली नाही.