आतून कडी

घर बांधायला निघालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी घराचे फोटो असतात. टेपकाका आले ते आकड्यांनी भरलेला एक कागद घेऊन. टेपकाका हे नाव पुढे आमच्या मिस्त्रीने पाडलं, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम मोजायचा टेप असायचा. नोकरीभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि चौतीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर आता नवरा-बायको स्वतःचं घर बांधणार होते.

काकू सोबत होत्या. त्यांच्या मांडीवर एक फुगलेली वही होती, तिच्यात मासिकांतून कापलेली चित्रं चिकटवलेली. बहुतेक सगळी स्वयंपाकघरांची.

"प्रत्येक बदलीला थोडी थोडी चिकटवत गेले," त्या म्हणाल्या. "अकरा स्वयंपाकघरं झाली माझी. एकातही खिडकी मनासारखी नव्हती."

त्या पानं उलटायला लागल्या तेव्हा काकांनी आपला कागद हळूच वहीवर ठेवला. पुढची खोली अकरा फूट नऊ इंच बाय दहा. बोळ बावीस फूट लांब, तीन फूट चार इंच रुंद. बोळाच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर, आणि शेवटी त्याला लागून मागची खोली. कोनाडा कुठे, ओटा कोणत्या भिंतीला, पायऱ्या किती, उंबरा किती उंच, सगळं लिहिलेलं.

"काका, बोळ थोडा रुंद करू या," मी म्हणाले. "मध्ये उजेड येणार नाही."

"यायचा नाहीच," ते म्हणाले. मग लगेच, "म्हणजे, नाही आला तरी चालेल."

मी दोन-तीन गोष्टी सुचवल्या, सगळ्यांना नकार. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायलाही. काकूंनी वही मिटली आणि पिशवीत ठेवली. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मागच्या खोलीला मात्र थेट बाहेर उघडणारं एक दार हवं," काका म्हणाले. "हे नवीन आहे. आणि त्या खोलीच्या दोन्ही दारांना कडी फक्त आतून. बाहेरच्या अंगाला काही नको. कडी नको, कोयंडा नको, साधा खिळासुद्धा नको."

"आणि आतली कडी नेहमीच्या उंचीवर?"

त्यांनी हात मांडीपाशी धरला. "इथे."

"घरात लहान मुलं आहेत का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "आम्हाला मूल नाही."

काकांचा हात अजून तसाच, मांडीपाशी होता. मी उंची लिहून घेतली. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा मला नव्या नव्हत्या. एकाने तर जिन्याखाली कुत्र्यासाठी कमान मागितली होती.

काम सुरू झालं. आमचा मिस्त्री वीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि त्याला प्रत्येक घरमालकाबद्दल मत असतं. जोत्यापर्यंत काम आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, या माणसाच्या डोक्यात घर बांधून तयार आहे. आपण फक्त विटा पोचवतोय." काका रोज तीनच्या आधी यायचे, मागच्या खोलीच्या जागी उपडं घमेलं टाकून बसायचे आणि चारच्या सुमाराला उठून जायचे. भिंती वर चढत गेल्या तसे ते त्यांच्या आड दिसेनासे झाले. स्लॅब पडला, त्याखालचे टेकू निघाले, तरी त्यांचा नेम चुकला नाही.

मग एक दिवस मिस्त्रीचा फोन आला. "दुपारी त्या खोलीत पाणी मारायला कुणी जात नाहीये. म्हणतात, भिंतीतून आवाज येतो."

"कसला?"

"कुणी तळहाताने दार वाजवावं तसा. मी स्वतः ऐकलाय, म्हणून सांगतोय. नाहीतर मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही, तुम्हाला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी तीनला मी गेले. बोळ अंधारा होता, ओल्या सिमेंटचा वास भरून राहिला होता. दारांच्या चौकटी बसल्या होत्या, दारं अजून यायची होती. काका घमेल्यावर बसले होते, पाय जुळवून, शाळेतल्या मुलासारखे. मी चौकटीत उभी राहिले. काही वेळ फक्त पलीकडे कामगारांचं बोलणं ऐकू येत होतं.

आवाज आला तो बोळाच्या बाजूच्या भिंतीतून. हलका, घाईचा. तीन वेळा, मग थांबून दोन वेळा. आणि तो माझ्या कानाच्या उंचीवरून आला नाही. खालून आला, मांडीच्या उंचीवरून.

"तुम्हालाही ऐकू आलं?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. फार दिवस एकट्याने उचललेलं ओझं दुसऱ्याने जरा टेकू देऊन धरावं, तसं काहीतरी होतं.

"नवीन बांधकाम आहे, काका. सळया तापतात, भिंती सुकताना आवाज करतात."

"असेल," ते म्हणाले. उठले, खिशातून टेप काढला आणि जमिनीपासून भिंतीवर माप घेतलं. "दोन फूट पाच इंच. कडी बरोबर उंचीवर येतेय."

मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही. वीस वर्षांत मी शंभरेक घरं उभी केली असतील. सुकणाऱ्या भिंतीचा आवाज मला ओळखता येतो.

त्याच आठवड्यात काकू एकट्याच ऑफिसात आल्या. खाली छपाईचं यंत्र चालू होतं, टेबलावरचा चहा थरथरत होता.

"मला एक खरं सांगा," त्या म्हणाल्या. "हे घर कुणाचं आहे?"

"तुमचंच की."

"माझं नाही. चौतीस वर्षं मी वाट पाहिली आणि ते मला विचारत नाहीत, माझ्याकडे बघतही नाहीत. झोपेत आकडे पुटपुटतात. सकाळी विचारलं तर म्हणे, काही नाही." त्यांनी चहाकडे पाहिलं, घेतला नाही. "त्यांना एक थोरली बहीण आहे. लग्नात आणि सासूबाई गेल्या तेव्हा, अशी दोनदाच भेटली मला. भावाबहिणीत भांडण नाही, पण एकमेकांसमोर बसवत नाही त्यांना. लहानपणाचा विषय निघाला की दोघंही उठून जातात. तिचा नंबर आहे माझ्याकडे. बोलवू का?"

मी आर्किटेक्ट आहे, घरातल्या गोष्टींत पडायचं मला कारण नव्हतं. पण मी आवाज ऐकला होता. म्हणाले, "बोलवा."

ताई आल्या त्या दिवशी मीही साइटवर होते. पासष्टीच्या जवळ आलेल्या, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. काका आत होते. काकू काही सांगणार तोवर ताई पायऱ्या चढल्या, उंबऱ्यावर न बघता पाय उचलला, आणि अंधाऱ्या बोळात भिंतीला हात लावत सरळ चालत गेल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. कोनाड्यापाशी हात आपोआप आत गेला, दिवा ठेवायला जावा तसा. तिथे त्या थांबल्या.

"कुणी बांधायला सांगितलं हे?" त्यांनी विचारलं.

काका मागच्या खोलीतून बाहेर आले. बहिणीला पाहून त्यांचा चेहरा नऊ वर्षांच्या पोराचा झाला, दुसरा शब्द मला सुचत नाही.

"ताई, मी फक्त दार केलंय," ते म्हणाले. "बाकी सगळं होतं तसंच. बाहेर जायला दार केलंय तिच्यासाठी."

ताई मागच्या खोलीत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी चारी भिंतींकडे पाहिलं.

"एवढी मोठी नव्हती रे ही. आई मध्ये उभी राहिली की दोन्ही भिंतींना हात पोचायचे तिचे."

"मला एवढीच आठवते. पावलांनी मोजली होती."

"तुझी पावलं तेव्हा एवढीशी होती."

काकू दाराशी उभ्या होत्या. "मला कुणी सांगणार आहे का?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण दोघांनीही मान खाली घातली.

मग काकांनी सांगितलं, सिमेंटच्या पोत्यावर बसून, कुणाकडे न बघता. त्यांच्या पाठीवर एक बहीण होती, पाच वर्षांची. धाकटी. आई शिवणाच्या कारखान्यात जायची, वडील नव्हते. शाळा सुटली की धाकटी शेपटासारखी त्यांच्या मागे. त्या दुपारी त्यांना खेळायला जायचं होतं आणि तिला न्यायचं नव्हतं. त्यांनी तिला मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. ती आतून दार बडवत राहिली. ते पळाले. स्वयंपाकघरात स्टोव्ह भडकला. लोक जमले तेव्हा बोळ पेटलेला होता आणि त्या खोलीला दुसरं दार नव्हतं.

"आईने सगळ्यांना सांगितलं, कडी मीच घालून गेले होते," ते म्हणाले. "मरेपर्यंत तेच सांगत राहिली. मी तिला सांगू दिलं."

ताईंनी पदराने हात पुसले, ते कोरडे होते तरी.

"कडी तू घातली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"ताई, समजूत घालू नकोस."

"समजूत घालायला पन्नास वर्षं थांबले असते का मी? तू गेलास, मी आले. ती दार बडवत होती, मी उघडलं. बाहेर घेतलं तिला. दूध मंद आचेवर ठेवलं होतं. ती पेंगायला लागली तशी तिला परत आत निजवली, आणि रस्त्यावर जाईल म्हणून कडी लावली. मी लावली. शेजारी रेडिओ लागला होता. म्हटलं, पाच मिनिटं."

काका ताईंकडे बघत राहिले. मला वाटलं ते चिडतील, किंवा ढसाढसा रडतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे ती बाहेर आली होती?"

"आली होती. माझ्या मांडीवर बसून बिस्किट खाल्लं तिने."

"रडत होती?"

"रडते कसली. तुझी चहाडी करत होती. म्हणे, दादाने मला कोंडलं, आता आईला सांगून त्याला मार देववते."

काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं का हुंदका, त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ताई त्यांच्या शेजारच्या पोत्यावर बसल्या, पांढऱ्या साडीला सिमेंट लागलं तरी. दोघं एकमेकांना चिकटली नाहीत, हात धरले नाहीत. नुसती शेजारी बसली.

मी मागे सरले आणि काकूंना बाहेर घेऊन जाऊ लागले. त्या हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "काम थांबवा, मॅडम. पाडून टाका हे."

"कुणी पाडायचं नाही," काकू म्हणाल्या. त्या आत आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही मला हे सांगायला हवं होतं. मी काय परकी होते? त्याचा हिशेब आपण नंतर करू, आणि नीट करू. पण मेलेल्या लेकरासाठी घर बांधताना तुम्ही स्टोव्हसुद्धा मागच्या खोलीच्या त्याच भिंतीला ठेवलात. तिथेच. तिला पुन्हा तिथेच ठेवणार होतात?"

काकांनी मान वर केली. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

काकू माझ्याकडे वळल्या. "ओटा त्या भिंतीला नको. समोरच्या बाजूला घे. आणि खिडकी मला पाहिजे तेवढी." पहिल्यांदाच त्या मला अगंतुगं करत होत्या. "काढून दाखव मला आत्ता, इथेच."

मिस्त्रीकडून खडू घेऊन मी स्वयंपाकघराच्या उघड्या विटांवर खिडकी काढली. काकू म्हणाल्या, अजून. मी रेघ सरकवली. त्या म्हणाल्या, अजून. सहा फुटांवर थांबल्या. मिस्त्री म्हणाला, "काकू, भिंत ठेवायची का थोडी?" आणि कुणीतरी हसलं, मला वाटतं ताईच.

घर चार महिन्यांनी पुरं झालं. ताई राहायला आल्या. मागची खोली त्यांनीच मागून घेतली. प्लास्टर झाल्यापासून कामगारांना काही ऐकू आलं नव्हतं, आणि मिस्त्रीने मला आपणहून सांगून टाकलं की सळया तापतात, भिंती सुकताना आवाज करतात. मी मान डोलावली.

पहिल्या पावसाळ्यानंतर काकूंचा फोन आला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल दिसतेय म्हणून. दुपारची गेले. काका आणि ताई आपापल्या खोलीत झोपले होते. भिंतीवर हातभर लांबीचा डाग होता. काकूंनी चहा टाकला, खिडकीतून इतका उजेड येत होता की वाफेचा धागा न धागा दिसत होता.

"ही दोघं आता दिवसभर भांडतात," त्या म्हणाल्या. "तिच्या फ्रॉकचा रंग कोणता, कोनाड्यात काय ठेवायचो. मला कंटाळा येतो ऐकून. पण बोलतात तरी."

मग चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून, त्या हळू म्हणाल्या, "रोज या वेळेला माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहतं. लहानसं. मी काय करते ते बघत असतं. यांना सांगितलेलं नाही."

मी हातातला टेप खाली ठेवला. "तुम्ही वळून बघता?"

"नाही. बघितलं तर जाईल, असं वाटतं."

"भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. दोन दिवस मी दुपारी इकडे फिरकलेच नाही." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "मग म्हटलं, पाच वर्षांचं पोर ते. आपण मोठी माणसं."

चहा पिऊन मी गच्चीवर गेले. पाइपचा एक सांधा सैल होता, त्यातून पाणी झिरपत होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला पाठवून तो बदलून घेतला.