रणपिसे मॅडमचा नियम

अलकनंदा रणपिसे यांचा एक नियम होता आणि तो देशाच्या राजधानीतल्या हायकोर्टाच्या आवारात चहावाल्यापासून न्यायमूर्तींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. ज्या मुलाचा खटला, त्या मुलाकडे बघायचं नाही. फाइल दहादा वाचायची, पण मूल कोर्टात आलंच तर आपण खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघायचं. सरकारच्या वतीने बालसंरक्षणाचे खटले चालवता चालवता बाई साठीला टेकल्या होत्या, नियम मात्र शाबूत होता. हाताखाली नवा वकील आला की पहिल्याच दिवशी त्याला बजावत, "मुलाकडे बघितलं की आपला कायदा पातळ होतो. पातळ कायदा मुलाच्या काही उपयोगाचा नाही." ऐकणाऱ्याला वाटे, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. आता, दगडाच्या काळजाला असा नियम करावा तरी कशाला लागेल? पण एवढा विचार कोण करतो.

त्यांच्या यजमानांनी, गुणवंतरावांनी, तो केला होता. कृषी मंत्रालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वैशाली वसाहतीतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. रोजच्या डब्याबरोबर एक खोचक प्रश्नही ते बायकोला बांधून देत.

"आज कुणाला रडवणार?"

"साळव्यांचं मॅटर आहे. एकदम सरळ आहे, आज संपेल."

"सरळ आहे म्हणतेस आणि मघापासून चष्मा शोधतेयस. डोक्यावर आहे तो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, डबा उचलला आणि मेट्रो गाठली.

मॅटर सरळ होतं हे खरंच. जयंत आणि लता साळवे हे मयूर विहारचं मराठी ख्रिस्ती जोडपं. तो रेल्वेतून निवृत्त, ती शाळेतून, मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी सरकारच्या एका योजनेखाली त्यांनी दोन वर्षांच्या इशिताला सांभाळायला घरी आणलं होतं. तात्पुरतं, म्हणजे तिचे आईवडील सापडेपर्यंत किंवा तिला दत्तक देता येईपर्यंत. आईवडील काही सापडले नाहीत. इशिता पाच वर्षांची झाली, दत्तक द्यायला कायद्याने मोकळी झाली, आणि गुरुग्रामच्या यतीन आणि नीरजा या तरुण जोडप्याचा बऱ्याच वर्षांनी नंबर लागला. तेव्हा साळवे कोर्टात आले की मुलगी आमची आहे, आम्हालाच दत्तक द्या.

पण दत्तकाच्या नियमात नवरा-बायकोच्या वयांची बेरीज बघतात आणि साळव्यांची बेरीज केव्हाच हद्दीबाहेर गेली होती. त्यातून जयंतरावांची बायपास झालेली. मुलीला ती मोठी होईपर्यंत पुरतील असे आईवडील हवेत, असं सरकारचं म्हणणं होतं. ते अलकनंदाबाई नुसतं पगारापोटी मांडत नव्हत्या, त्यांना ते पटलेलं होतं.

कोर्टरूमबाहेरच्या बाकाजवळ त्या पोचल्या तोच फोन वाजला. गुणवंतराव होते.

"अगं, डब्यात चमचा घालायचा राहिला."

"मग वरणभात काय हाताने खाऊ, गाऊन घालून? राहू दे, बघते मी."

फोन ठेवला आणि बाकावरच्या बाईंनी मान वर केली. पांढरी, निळ्या काठाची साडी, मांडीवर पर्स, शेजारी नवऱ्याच्या खांद्याला टेकून पेंगणारी मुलगी. मुलगी दिसल्याबरोबर अलकनंदाबाईंनी नजर भिंतीकडे वळवली.

"तुम्ही मराठी? इतक्या तारखांना आपण समोरासमोर उभ्या होतो, आणि मला पत्ताच नाही." लता साळव्यांनी पर्स उघडून एक छोटा स्टीलचा चमचा काढला. "हा घ्या. इशूचा आहे, पण धुतलेला आहे."

"नको, ताई. मी समोरच्या बाजूची वकील आहे. मला तुमच्याशी बोलतासुद्धा येणार नाही."

"माहीत आहे हो. तुमचं काम आहे ते." लताबाईंनी चमचा परत पर्समध्ये ठेवला. रागावल्या नव्हत्या, आणि ते अलकनंदाबाईंना जास्त जड गेलं. शिव्या देणारे पक्षकार त्यांनी ढिगाने पचवले होते, पण चमचा देऊ करणारी बाई त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

न्यायमूर्ती लखनौकडच्या, मृदू बोलणाऱ्या. मुलीशी आपण आपल्या चेंबरमध्येच बोलू, असं त्यांनी ठरवलं. मूल बावरू नये म्हणून साळव्यांना दाराशी बसवलं आणि दोन्ही वकिलांना भिंतीशी उभं केलं. साळव्यांचे वकील हरिदास खन्ना खुशीत दिसत होते. चेंबरच्या खिडकीला जाड पडदा ओढलेला होता. अलकनंदाबाईंनी कडुलिंब शोधला, तो काही दिसेना, आणि बघायला समोर मुलगीच काय ती उरली. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर जुनी खरचटलेली खूण, पायांत नवे बूट.

"बेटा, ये दोनों कौन हैं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

इशिता ताठ उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सरळ. शाळेत कविता म्हणतात त्या सुरात तिने सांगितलं, "ये मेरे मम्मी-पापा हैं. मैं इन्हीं के पास रहना चाहती हूँ. मुझे और कहीं नहीं जाना."

मग मोठा श्वास सोडून ती दाराकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "आजी, मी नीट सांगितलं ना? मम्मी-पापा पण म्हटलं. आता आइस्क्रीम?"

न्यायमूर्ती हसल्या. मुलीचा आवाजच तसा गोड होता. "क्या कहा इसने?"

त्या खोलीत मराठी कळणारी मोठी माणसं तीनच. त्यांतली दोन दाराशी बसली होती आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खन्ना साहेब काही न कळून मंद हसत होते. राहिल्या सरकारी वकील.

आइस्क्रीम मागतेय, एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण अर्धं सांगून गप्प बसायचं हे अलकनंदाबाईंनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि ज्या खोलीत मुलाचा निवाडा होणार तिथे तर ते त्यांना जमणारच नव्हतं. त्यांनी शब्द न् शब्द हिंदीत सांगितला, आजी म्हणजे दादी-नानी हेसुद्धा.

न्यायमूर्तींचं हसू मावळलं. "म्हणजे बच्चीला पढवून आणलंय."

"मॅडम, बच्ची है..." खन्ना साहेब गडबडले. लताबाईंनी पदर तोंडाशी धरला. खटला तिथेच निकालात निघाला होता. आणखी एक वाक्यही न बोलता अलकनंदाबाईंना फाइल मिटता आली असती.

त्या बोलल्या, हिंदीत, नेहमीच्याच कोरड्या आवाजात. "पढवलंय हे उघड आहे आणि ते चूकच आहे. पण हे धडे चार-आठ दिवसांचे असतील. त्याआधीची तीन वर्षं कोर्टाने लक्षात घ्यावीत. दोन वर्षांचं मूल मांडीवर आलं तेव्हा त्याच्याकडून आई म्हणवून घ्यायला या बाईंना कुणी अडवलं नसतं. घरात मूल नाही, जवळ कुणी विचारणारं नाही. तरी यांनी तिला आजी म्हणायला शिकवलं. आईची जागा रिकामी ठेवली. पुढे कुणीतरी येणार, हे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

दाराशी लताबाईंनी मान खाली घातली. जयंतरावांनी त्यांचा हात हातात घेतला होता.

"दत्तकावर सरकार ठाम आहे," अलकनंदाबाई पुढे म्हणाल्या. "पण या मुलीला आजी-आजोबा आहेत. ते तिचे तिला राहू द्यायचे का, हे नव्या आईवडिलांना कुणी विचारलेलंच नाही. मीसुद्धा नाही. विचारायला थोडा वेळ द्यावा."

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "रणपिसे मॅडम, तुम्ही जिंकलेल्या केसमध्ये वेळ मागताय?"

"लंचपर्यंतच, मॅडम."

वेळ मिळाला. पुढचं काम मात्र सोपं नव्हतं. सरकारी वकिलाला सरकारच्या होकाराशिवाय कोर्टात शब्द देता येत नाही, आणि तो होकार द्यायचा होता बालविकास खात्याच्या सहसंचालकांनी. हे गृहस्थ सही करण्यापूर्वी पेनकडेही संशयाने बघत.

"मॅडम, उद्या सगळेच मागतील. पायंडा पडेल," फोनवर ते कुरकुरले.

"पडू दे. तुमच्या कारकिर्दीत एक तरी चांगला पायंडा पडला असं लोक म्हणतील. मजकूर मी पाठवते, तुम्ही फक्त वाचा आणि हो म्हणा."

त्यांनी मजकूर वाचला, दोनदा फोन केला, एक स्वल्पविराम बदलला आणि हो म्हटलं.

यतीन आणि नीरजा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. नीरजाच्या मांडीवर कापडी ससा होता आणि त्याचा कान पिळून पिळून तिने पार वाकडा केला होता. अलकनंदाबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आइस्क्रीमसकट.

"त्या तिला आमच्याविरुद्ध फितवणार तर नाहीत ना?" यतीनने विचारलं. त्याचं विचारणं रास्तच होतं.

"ज्या बाईने तीन वर्षं तुमच्या बायकोची जागा राखून ठेवली, ती आता कशाला फितवेल?"

नीरजाने सशाचा वाकडा कान सरळ केला. मग हळूच म्हणाली, "मॅम, हमारे दोनों तरफ कोई बड़ा बचा नहीं है. ती रडायला लागली तर का रडते हे विचारायचं कुणाला, या धास्तीने मला झोप येत नाही. यांना तरी ठाऊक असेल."

दुपारी कोर्टाने तसंच लिहून घेतलं. इशिता यतीन-नीरजाची होणार. पण एकदम उचलून न्यायची नाही. आधी नीरजाने महिनाभर मयूर विहारच्या घरी येत राहायचं, मुलीची तिच्याशी ओळख होऊ द्यायची. मुलगी गुरुग्रामला गेल्यावर दर शनिवारी आजी-आजोबांकडे. यतीन-नीरजाने आपणहून कबूल केलं, खात्याने हरकत नाही म्हटलं आणि साळव्यांनी अर्ज मागे घेतला. खन्ना साहेब सगळ्यांशी हात मिळवून मोकळे झाले.

बाहेर आल्यावर लताबाई त्याच बाकावर बसल्या. अलकनंदाबाई जाता जाता थांबल्या. आता त्या समोरच्या बाजूच्या राहिल्या नव्हत्या.

"म्हणजे हरलेच ना मी?" लताबाईंनी विचारलं.

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. "हो, ताई. हरलात," अलकनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"वकील म्हणाले, इशू आजी म्हणाली तर केस गेली. इतकी वर्षं मीच तिला सांगायचे, आई यायची आहे तुझी. आणि ती यायची वेळ आली तर मलाच धीर धरवला नाही." लताबाईंना रडू फुटलं. जयंतराव पाण्याची बाटली घेऊन नुसते उभे होते. अलकनंदाबाईंनी लताबाईंच्या पाठीवर हात ठेवला. डोळे त्यांचेही भरले होते आणि ते लपवायला त्यांना सुचलं नाही.

इतक्यात गाऊनची बाही कुणीतरी ओढली. वेण्या, खरचटलेला गुडघा, नवे बूट.

"आजी रडतेय," इशिता म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं का?"

अलकनंदाबाई बाकावरून उठल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघ्यांनी आवाज करून तक्रार केली, तिकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. मुलीच्या तोंडाकडे त्यांनी सरळ बघितलं.

"नाही गं बाळा. तू अगदी बरोबर सांगितलंस. सगळ्यांत बरोबर तूच बोललीस."

"मग ती रडते कशाला?"

"तू थोड्या दिवसांनी आईबाबांकडे राहायला जाशील. मग शनिवारी येशील ना आजीकडे? तोपर्यंत तिला करमणार नाही, म्हणून."

इशिताने विचार केला. आजीच्या मांडीवरची पर्स उघडून आपला चमचा आहे ना, ते तिने पाहिलं. मग पर्स नीट बंद केली.

"हा इकडेच राहू दे हं, आजी," ती म्हणाली. "शनिवारी मला लागेल."