साफ केलेलं प्रवचन

बाबांचं स्वरयंत्रच काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी लेकीकडे एकच मागणं मागितलं. "माझ्या आवाजातलं ते प्रवचन तेवढं ठेवून घे. बाकी काय बोललो, ते विसरलात तरी चालेल."

प्रवचन बाबांचं नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम इंग्रज उपदेशकाचं, रात्र आणि उजेड यांवरचं. बाबा कॉलेजात जुनी इंग्रजी शिकवत आणि वर्षाच्या शेवटच्या तासाला ते जवळजवळ गाऊन दाखवत. आज आपण 'नाइट' म्हणतो त्यातले जी-एच उगाच बसलेत, असं पोरांना वाटे. बाबा म्हणत, उगाच कुणी बसलेलं नाही रे. तेव्हा रात्र होती 'निख्त' आणि उजेड होता 'लिख्त'. त्या 'ख्'ला घशातून खरखरीत वारा निघे आणि मागचे बाक खिदळत. "हसा खुशाल. देवाला हाक मारताना त्या माणसांनी एक अक्षर गिळलं नाही. तुम्ही हजेरी देतानाही अर्धं नाव गिळता!"

लेक स्टुडिओत बोलकी पुस्तकं तयार करी. वाचणाऱ्यांचे श्वास, खाकरणं, घशाची घरघर काढून टाकायची, हेच तिचं काम. नको त्या आवाजाचा एक तुकडा यंत्राला दाखवायचा. मग ते तसलं सगळं वेचून फेकून देई.

ऑपरेशनच्या आधी तिने स्टुडिओतलं रेकॉर्डिंगचं यंत्र घरी आणलं, खिडक्यांवर रजया टांगल्या आणि बाबांना बसवलं.

"बाबा, माइक गिळणार आहात का? मागे सरा."

"तुझी आई म्हणायची, ह्यांना माइक कशाला, शेजारी जागे होतात."

"आणि मध्ये पाणी नको. घटघट ऐकू येतं."

"श्वास घेतला तर चालेल ना गं?"

बाबांनी वाचलं. बसलेला, फाटलेला आवाज, पण रात्रीकडून उजेडाकडे असा चढत गेला की लेकीने हात जोडले.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा ती बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली. हाताला काम नसतं तर रडलीच असती. बाबांचा आवाज आजारी ऐकू येऊ नये, एवढीच तिची माया. घशातल्या खरखरीचा तुकडा तिने निवडला, लॅपटॉपला दाखवला आणि सगळं प्रवचन साफ केलं. थोडंसं ऐकलं. बाबा किती वर्षांनी तरुण झाले होते! शब्दांकडे तिचं लक्षच नव्हतं. मग सवयीने कच्ची प्रत पुसून टाकली. एकदा खोकल्यासकट पुस्तक बाजारात गेलं होतं, तेव्हापासून साफ झालं की कच्चं ठेवायचं नाही, हा नियम तिनेच घातला होता.

बाबा उठून बसू लागल्यावर तिने त्यांच्या कानात इयरफोन घातले. "ऐका. एक खाकरणं सापडलं तर सांगा."

बाबांनी डोळे मिटले. लगेच उघडले. उशाची पाटी घेऊन लिहिलं, 'हे कोण वाचतंय?'

"कोण म्हणजे? तुम्हीच!"

त्यांनी एक इयरफोन तिच्या कानात दिला. नित. लित. जिथे जिथे तो वारा होता, तिथे गुळगुळीत भोक. लॅपटॉपने घरघरीबरोबर तोही वेचला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

तिने तिथूनच स्टुडिओतल्या सोबतिणीला फोन लावला. "घरी नेलेल्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात मूळचं काही उरलंय का गं?"

"ताई, त्यावर दुसऱ्या पुस्तकाचं वाचन झालं. आणि कच्चं ठेवू नका म्हणून तूच तर ओरडतेस आमच्यावर."

फोन ठेवून ती बाबांच्या पायाशी बसली. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, नुसता तो 'ख्'... आवाज नको, कुजबुजून तरी. तेवढे मी एकेक जोडीन." तिने फोन त्यांच्या तोंडापुढे धरला.

बाबांनी तोंड फोनजवळ आणलं. जीभ मागे नेली, नेमकी जागेवर लावली, तोंड उघडलं. पण आता वारा त्या वाटेने येतच नव्हता. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावरची जाळी तेवढी फुगली आणि बसली.

त्यांनी पुन्हा जीभ लावली. जाळी पुन्हा फुगली.

"पुरे, बाबा," ती म्हणाली. "पुरे ना हो."

ते थांबेनात.