आर्लीनच्या घरातली गार चूल

स्वयंपाकघराचा कोपरा अडवून बसलेलं हे काळं धूड दिसतंय ना, ते मी. बिडाची चूल. हल्ली माझ्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी असते, म्हणून नवी माणसं मला टेबल समजतात. समजू देत बापडी. या घराचे सगळे हिवाळे माझ्या पोटातून गेलेत.

मला मर्लच्या आईनं मागवलं. मासेमारीच्या बोटीतून मी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर आले, आणि उतरवून घेताना चार गड्यांनी मला इतकी नावं ठेवली की वेगळ्या बारशाची गरज उरली नाही. पुढे मर्लचं लग्न होऊन आर्लीन आली. पहिल्याच आठवड्यात सासूच्या देखत मी तिच्या तोंडावर भसकन धूर सोडला आणि तिनं मला लाथ घातली. तिथून आमची मैत्री जमली.

काय दिवस होते ते! मर्ल शेवंडी पकडून यायचा आणि भिजलेले हातमोजे माझ्या दांडीवर टाकायचा. सगळं घर समुद्राच्या वासानं भरायचं. शनिवारी सकाळपासून काकवी घातलेल्या बीन्सचं मडकं माझ्या पोटात रटरटायचं आणि शेजारचा वेंडल जेवायच्या वेळी नेमका 'सहज' टपकायचा.

आर्लीनची लेक गेल जन्मली ती दिवस भरायच्या आधीच. बर्फाच्या वादळानं रस्ते बंद, डॉक्टर पलीकडच्या गावात. सुईणीनं त्या मुठीएवढ्या पोरीला बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं आणि ते खोकं माझ्या भट्टीच्या उघड्या दारावर. मर्ल रात्रभर बेतानं एकेक लाकूड सारत होता. इतकी जपून मी आयुष्यात कधी जळले नाही. पुढे गेल शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तळवा माझ्या पाठीवर ठेवायची. मला फार आवडायचं ते.

मर्ल गेला. मग आर्लीनचं खुब्याचं हाड मोडलं. लाकडं फोडायची कुणी आणि आत आणायची कुणी? मागच्या हिवाळ्यात ती अंगावर दोन स्वेटर घालून माझ्याजवळच झोपायची. पोर्टलंड शहरातून आलेल्या गेलनं ते पाहिलं मात्र, तिचा चेहरा उतरला.

"आई, आता बास. पुढच्या हिवाळ्यात हे घर असंच गार सापडलं, तर तुला उचलून माझ्याकडे नेईन. फ्लॅटमध्ये."

"तिथून समुद्र दिसतो?"

"पार्किंग दिसतं."

त्यानंतर आर्लीन कितीतरी वेळ खिडकीशी उभी होती. हे घर सुटलं तर ती जगायची नाही, हे मला ठाऊक होतं.

तोडगा आणला वेंडलनं. हीट पंप नावाचं विजेवरचं यंत्र, बाहेरच्या थंड हवेतूनच ऊब ओढून घरात सोडणारं. शिवाय ज्यांची कमाई बेताची, त्यांना सरकार त्याचा बहुतेक खर्च परत देतं.

आर्लीन उसळली. "म्हणजे मी गरीब आहे असं गावाला सांगत फिरू?"

"गावाला ठाऊक आहे, बाई. मीही घेतलंय."

"तू?"

"मग? इतकी वर्षं कर भरताना मर्लला लाज वाटली नाही. त्यातले चार पैसे परत घेताना तुला का वाटावी?"

दुसऱ्या दिवशी तिनं अर्जावर सही केली. उन्हाळा सरता सरता भिंतीवर एक पांढरा डबा लागला आणि बाहेर दुसरा, पंख्याचा. सवत आली, दुसरं काय! खोटं कशाला बोलू, मी जळफळले. तेही विस्तवाशिवाय.

आमच्याकडे हिवाळ्याआधी घराच्या पायाला चहूबाजूंनी फर झाडाच्या हिरव्या फांद्या रचतात, गार वारा खालून शिरू नये म्हणून. आर्लीननं काठी टेकत तेही केलं. आणि करता करता बाहेरच्या त्या डब्याची तिला दया आली. बिचारा उघड्यावर! तिनं त्यालाही फांद्यांनी लपेटलं आणि वरून मर्लचा जुना मेणकापडी कोट घट्ट बांधला.

कडाक्याची थंडी पडली आणि डबा धापा टाकू लागला. घर गारठत चाललं. नेमका गेलचा फोन आला, शनिवारी येते म्हणून. आर्लीनच्या आवाजावरून तिला काय ते कळलं असावं.

शनिवारी सकाळी आर्लीननं कुंडी उतरवली, होती त्यातली बरीच लाकडं माझ्यात घातली आणि बीन्सचं मडकं आत सरकवलं. मी आनंदानं धडधडले. शेवटी माझीच आठवण झाली ना!

वेंडल आला तो दारातच हसत सुटला. "अगं आर्लीन, त्या यंत्राला कोट घातलास?"

"थंडी वाजत असेल त्याला."

"त्याला थंड हवाच लागते! नाक दाबून धरलंस की त्याचं!"

दोघांनी मिळून कोट सोडला, फांद्या ओढल्या, जमलेला बर्फ कोमट पाण्यानं सोडवला. पंखा फिरू लागला. दुपारी भिंतीवरच्या डब्यातून ऊब आली, मर्यादशील, बिनधुराची.

वेंडलनं सवयीनं लाकूड उचललं. आर्लीननं त्याचा हात धरला.

"नको. गेल यायच्या आत विझू दे तिला."

मला वाईट वाटलं, सांगते. मग तिनं हलकेच माझं दार लावलं आणि कुंडी जागेवर ठेवली, आणि ती काय करतेय हे मला उमगलं. मी धीर धरून निवत गेले.

संध्याकाळी गेल आली, कोटाची सगळी बटणं लावून, रिकाम्या बॅगा घेऊन. सरळ माझ्याकडे आली आणि लहानपणीसारखा तळवा माझ्या पाठीवर ठेवला. दचकली.

"आई, ही तर गार आहे!"

"आहेच. मग कोट काढ की."

गेलनं इकडेतिकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यापुढे हात धरला. हळूहळू एकेक बटण काढलं आणि कोट माझ्या दांडीवर टाकला, बाप हातमोजे टाकायचा तिथंच. रिकाम्या बॅगा दारापाशीच राहिल्या.

आर्लीन समुद्राकडच्या खुर्चीत बसली. माझं आता एवढंच मागणं आहे. वादळात वीज गेली तर मला हाक मारा. तेवढी चार सुकी लाकडं ठेवा कोपऱ्यात.