कारण अज्ञात

मित्रांनो, मी एक जुनी शोधपट्टी आहे. जगभरचे प्रोग्रामर ज्या सार्वजनिक कोठारात आपला कोड ठेवतात, त्याच्या दाराशी माझी जागा. मला घडवलं तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे लोकांना घाई झाली. दोन मोघम शब्द फेकायचे आणि समोर ढिगारा आला की मलाच बोल लावायचे.

एका दुपारी रुग्णालयातली एक यंत्रतज्ज्ञ आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या उबपेटीत ठेवतात, तिचा प्रोग्राम ती सांभाळायची. एक पेटी मधूनच गार पडत होती आणि आत तिचीच भाची होती. दुसरी पेटी रिकामी नव्हती. नर्स थर्मामीटर घेऊन बाळापाशी बसून होती.

तिने लिहिलं, 'पेटी गार पडते'. मी चाळीस हजार निकाल ओतले. तिने कपाळाला हात लावला.

शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले सहकारी होते. सगळे त्यांना काका म्हणत.

"अगं, अशाने काय हाती लागणार? पडद्यावर जे उमटतं ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घाल. कोडची भाषा सांग. आणि ताजं आधी लाव."

तिने लिहिलं, "हीटर थांबला, कारण अज्ञात". आता एकच निकाल उरला. कुणा प्रोग्रामरने त्याच जातीच्या पेटीतला हाच बिघाड नोंदवला होता. शेवटची नोंद त्याच सकाळी सहाची: 'पुन्हा पाहतो.' काल सहाला तेच, परवाही तेच. मागे सहा वर्षं तेच.

त्याने तिथे दिलेल्या नंबरवर तिने फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

"ते नाहीत."

"कधी येतील?"

"जाऊन सहा वर्षं झाली, बाळ."

"अहो, पण आज सकाळी त्यांनी..."

"त्यांच्या खोलीतला संगणक रोज सहाला आपोआप सुरू होतो. त्यांनीच लावून ठेवलंय तसं. पंखा घुरघुरला की वाटतं, उठले. मी बंद करत नाही." बाई थांबल्या. "आज मात्र आत्ताच, भरदुपारी घुरघुरला. मी दाराशीच उभी आहे."

तेवढ्यात माझ्यापाशी त्याच निकालाखाली नवी नोंद आली: 'वेळ मोजणारा आकडा भरला की हीटर थांबतो. ओळ २१४ बघ.'

"त्यांच्या प्रोग्रामलाच चूक सापडली असेल," काका म्हणाले. पण सहा वर्षं 'पाहतो' लिहिणाऱ्याने आज 'बघ' लिहिलं होतं.

चूक तिथेच होती. तिने ती दुरुस्त केली, सुट्या सर्किटवर तपासली आणि डॉक्टरांच्या होकाराने पेटीत घातली. पेटी पुन्हा गार पडली नाही. महिन्याभराने भाची घरी गेली.

दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्या बाईंनी आपणहून फोन केला होता. "आज पंखा वाजलाच नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुम्हाला जे उमगलं ते लिहून ठेवा, आणि शोधताना नेमके शब्द वापरा. माझ्या तळाशी अशा कितीतरी नोंदी रोज हलतात. कोण हलवतं, मला ठाऊक नाही. म्हणून मोघम हाक मारू नका. भलतंच कुणी ओ देईल.