आठवा धडा

प्रयोगवहीत चुकलेला आकडा रबराने खोडायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची. नववीच्या मुलांना मी हे दरवर्षी जूनमध्ये सांगते. मी विज्ञानाची शिक्षिका आहे आणि या एका नियमाबाबत फार कडक आहे, असं मुलं म्हणतात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत जर्मनचा वर्ग सुरू झाला. वीस जागा, नववी आणि दहावी अशी दोन वर्षं. शिकवायला कुणी नव्हतं. मुख्याध्यापक सोमेश्वर सर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या रसायनशास्त्रात अर्धे शब्द जर्मनच असतात की."

ते तसे नसतात. तरी मी हो म्हटलं. सहा आठवड्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं, त्यातल्या निम्म्या तासांना रेंज नव्हती. मी मुलांच्या एक धडा पुढे राहून शिकवायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी हिंगोलीला घरी आले की पुढचा धडा ऐकायचा, शब्द पाठ करायचे, सोमवारी वर्गात जायचं.

शिला राठोड दुसऱ्या बाकावर बसायची. शाळेपासून दोन किलोमीटरवर बंजारा तांडा आहे, तिथली. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. चौथी भाषा तिला जड गेली नाही. ऑगस्टमध्ये मी फळ्यावर 'मी'चा जर्मन शब्द लिहून मोठ्यानं म्हटला. शिला उभी राहिली.

"मॅडम, त्या फोनमधल्या आवाजात तसं न्हाई म्हणत. ते आसं म्हणतेत," आणि तिने म्हणून दाखवलं.

माझ्या फोनवरची धड्याची ध्वनिफीत मी वर्गात पुन्हा लावली. ती म्हणाली तसंच होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "शिला मॅडम, तुमीच घ्या तास." मुलं हसली. मीही हसले. मग म्हणाले, "बस खाली. प्रत्येक गोष्टीत बोलायची गरज नसते."

एवढंच झालं. नंतर तिने कधी उभं राहून काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी शिक्षण विभागाचं पत्र आलं. वर्गाची हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली तर पुढच्या वर्षी वर्ग मिळणार नाही. मी यादी काढली; हजेरी आधीच काठावर होती. दिवाळी झाली की तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला जातात ती मार्चपर्यंत. शिलाचं कुटुंब दरवर्षी जातं. पाच महिने एक मूल गैरहजर राहिलं तर काय होईल याचा मी हिशेब केला. अठ्ठावीस ऑक्टोबरला तिचं नाव कमी केलं, कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलं, आणि प्रतीक्षा यादीतला अद्वैत घेतला. अद्वैत नेटका मुलगा आहे. तो प्रश्न विचारत नाही.

वर्कबुकं मोजून वीसच आली होती, म्हणून शिलाचं परत घ्यावं लागलं.

"तुला आता लागायचं नाही ना," मी म्हटलं.

तिने दप्तरातून काढून दिलं. खाकी कव्हर घातलेलं होतं. "काहून मॅडम?" तिने एकदाच विचारलं.

"तुम्ही जाणारच ना दिवाळीनंतर."

ती काही बोलली नाही. मी त्याला होकार समजले.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ती आली नव्हती. आईवडिलांबरोबर गेली होती. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी म्हणाले, "बघा, माझा अंदाज बरोबर निघाला." सोमेश्वर सर म्हणाले, "मॅडमचं गणित कधी चुकत नाही." मला बरं वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

अद्वैत ते वर्कबुक घेऊन पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आला. "मॅडम, ह्यात आधीच लिहिलंय. पेन्सिलीनं."

"खोडून टाक आणि तुझं तू लिही."

प्रत्येक धड्याला तो विचारायचा, खोडू का? मी म्हणायचे, खोड. पाचवा, सहावा, सातवा. वर्ग चौथ्या धड्यावर असताना तिचं वर्कबुक मी काढून घेतलं होतं. मग तिने सातवा कधी भरला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात तो पुन्हा आला. "मॅडम, आठवाही भरलेला आहे. खोडू?"

आठवा मी स्वतः अजून वाचला नव्हता. त्याची उत्तरं आयती मिळतील, मला तयारीला बरं, असा विचार करून मी वर्कबुक घरी नेलं.

धड्याच्या शेवटी प्रश्न होता: या हिवाळ्यात तुम्ही काय करणार? चार ओळी लिहा. खाली शिलाचं बारीक, सरळ अक्षर होतं. आई, वडील, आजी हे शब्द मला येत होते. 'जातात' येत होतं. तिसऱ्या ओळीत दोनच शब्द होते, इश ब्लाइबे. इश म्हणजे मी. दुसरा शब्द मला येत नव्हता. मी पुस्तकाच्या मागची शब्दसूची काढली.

राहणे, थांबणे, न जाणे.

मग चारही ओळी लागल्या. हिवाळ्यात आई आणि वडील जातात. आजी घरी आहे. मी थांबते. मी जर्मन शिकते.

कोपऱ्यात तारीख होती, वीस ऑक्टोबर. मी तिचं नाव कमी केलं त्याच्या आठ दिवस आधीची.

मी अंदाज केला, त्या अंदाजावरून तिला काढलं, काढल्यामुळे ती गेली, आणि ती गेली म्हणून माझा अंदाज बरोबर. नववीतल्या मुलाने असा प्रयोग मांडला असता तर मी वही परत दिली असती. आणि त्या अंदाजाच्या खाली ऑगस्टमधला तो तास होता, हेही मला त्या दिवशी नाकारता आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तांड्यावर गेले. शिलाची आजी जमनाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"या बाई, बसा. तुमीच का त्या जर्मनवाल्या?"

"हो."

"पोरीनं लई डोकं खाल्लं होतं माझं. मला म्हने, आजी, तू ग्रोसमुट्टर, तिकडं आजीला तसंच म्हनतेत. म्या म्हनलं, बाई, दुसरी कोनची तरी शिवी दे." ती हसली, मग शेंगांकडे बघत बोलली. "तिचा बाप गोपीचंद राजी झाला होता तिला ठिवायला. म्हनला, राहू दे, शिकून राहिली तर. मंग दिवाळीच्या तोंडावर पोरगीच म्हनली, मी येते तुमच्यासंगं. काहून, तर म्हने, नाव न्हाई राहिलं. तिनं काई खोडी केली का बाई?"

"नाही," मी म्हणाले. "तिने काही केलं नाही. मी केलं. ती जाणार असं मीच धरलं आणि नाव काढलं. तिला विचारलं नाही."

जमनाबाईचे हात थांबले. ती रागावली असती तर सोपं झालं असतं. "विचारायचं तर होतं," ती म्हणाली. मग नातवाला हाक मारून गोपीचंदला लावून घेतलेला फोन तिने माझ्या हातात दिला.

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता. गोपीचंदने शिलाला हाक मारली.

"शिला, मी पद्मजा मॅडम. मी तुझा आठवा धडा वाचला."

"तो खोडला न्हाई का?"

"नाही. आधीचे खोडायला मी सांगितले. नावही मीच काढलं. माझी चूक झाली, शिला. तू परत येतेस का? मी वडिलांशी बोलते."

"आता न्हाई जमत मॅडम. मुकादमानं माझा बी अर्धा कोयता धरलाय, आर्ध्या मजुरीची उचल दिलीय. मी आले तर आईला एकटीला मोळ्या उचलाव्या लागतेन." ती सहज बोलत होती, जणू मलाच समजावत होती. मग आवाज खाली आला. "मॅडम, बराबर हाय का ते? आठव्यातलं?"

"बरोबर आहे. चारही ओळी. एक शब्द मला येत नव्हता, मी शोधून काढला."

"कोनता?"

मी तो म्हटला. तिने तिकडून तो शब्द हळूच नीट करून म्हटला, आणि लगेच म्हणाली, "सॉरी मॅडम."

मी म्हटलं, "परत म्हण," आणि तिच्यामागून मी म्हटला.

सोमवारी मी सोमेश्वर सरांकडे वर्गाची नोंदवही मागितली. स्थलांतराने कमी झालेलं नाव दुसऱ्या वर्षी परत घेता येत नाही. शाळेच्या चुकीने वगळलेलं घेता येतं. पत्रात दोन्ही नियम एकाच पानावर होते. ऑक्टोबरमध्ये मी हजेरीच्या नियमापुढे वाचलं नव्हतं.

"मॅडम, कारण बदललं तर खुलासा तुम्हाला द्यावा लागेल," सर म्हणाले. "लेखी. वर जाईल तो."

"देते."

"राहू द्या ना. पोरगी तर गेलीच होती."

"मी काढल्यावर गेली, सर."

मी 'स्थलांतर'वर एक आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. बाजूला 'शिक्षिकेची चूक' लिहून सही केली, तारीख घातली. मग वर्गात गेले. अद्वैत रबर हातात धरून बसला होता. मी त्याला कोरे कागद दिले आणि आठवा धडा त्यावर लिहायला सांगितला.